चढाईआधी नाकात थेंब

कबड्डी कबड्डी कबड्डी कब

इथे वैजूचा दम सुटला. छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला आणि पंचांनी तिला बाद दिलं. चंद्रावरच्या वसाहतीतला हा अंतिम सामना होता. जिंकणारा संघ पृथ्वीवर खेळायला जाणार होता, आणि वैजूने पृथ्वी आजवर फक्त खिडकीतून पाहिली होती.

पडवळने तिला बाकावर बसवलं. पडवळ म्हणजे संघाचा परिचारक यंत्रमानव. लांब आणि सडपातळ, म्हणून हे नाव.

औषध घेतलं होतंस ना, असं कर्णधार रझियाने विचारलं. वैजूने नाकाचे थेंब दाखवले. दम्याचा फवारा खोलीतच राहिला होता. पण थेंब काय नि फवारा काय, दोन्ही अ‍ॅड्रेनलिनचे (शरीर धावपळीच्या वेळी सोडतं त्या रसायनाचे) नातेवाईक, असं पडवळच काल म्हणाला होता. मग एकाऐवजी दुसरा चालेल, असं तिला वाटलं.

“उद्या जेवणाऐवजी आचाऱ्याच्या भावाला ताटात वाढून घे,” रझिया म्हणाली.

पडवळच्या पोटातल्या कप्प्यात वैजूचा जादा फवारा होता. तिने तो ओढला.

श्वास.

थांब.

श्वास.

“रझियाने ‘आली’ अशी हाक दिली की तुम्ही काय करता?” पडवळने विचारलं.

“कोपऱ्यातल्या हात घट्ट धरतात. मधल्या हात सोडून मागे सरतात.”

“हाक एकच, कामं दोन. शरीरातही तसंच.”

मग त्याने समजावलं. पेशींवर ग्राही (रसायनाची हाक ऐकणाऱ्या जागा) असतात. नाकातल्या रक्तवाहिन्यांवरच्या अल्फा ग्राहींना हाक गेली, की वाहिन्या आकसतात आणि चोंदलेलं नाक मोकळं होतं. श्वासनळीच्या स्नायूंवरच्या बीटा ग्राहींना हाक गेली, की स्नायू सैल होतात आणि वाट रुंदावते. थेंब अल्फांना हाक मारतात, फवारा बीटांना. मधमाशी चावून एखाद्याच्या जिवावर बेतलं, तर डॉक्टर खुद्द अ‍ॅड्रेनलिन टोचतात. ते दोघांनाही हाक मारतं.

“माझी बोटं का थरथरतायत?”

“हाताच्या स्नायूंवरही बीटा आहेत. थोडी हाक तिकडेही गेली.”

तोवर मैदानात परतलेल्या रझियाने गुण घेऊन वैजूला जिवंत केलं होतं. तरी पडवळने छातीतली शिट्टी पूर्ण थांबेपर्यंत तिला सोडलं नाही. उरली होती शेवटची चढाई, वैजूची. गुण बरोबरीत.

कबड्डी कबड्डी कबड्डी

टाच पकडली

कबड्डी कबड्डी

सुटली

कबड्डी

बोट मधल्या रेषेपलीकडे पोहोचलं. थरथरणारंच, पण पोहोचलं.

“फक्त श्वासनळीलाच ऐकू जाईल, असं औषध कुणीतरी शोधायला हवं,” वैजू धापा टाकत म्हणाली.

“कुणीतरी?” पडवळने विचारलं.

“आधी पृथ्वी बघून येते. मग शोधते.”