वास न घेतलेला चिकू

नाशिकच्या फळ-संशोधन प्रयोगशाळेने तळमजल्यावर नमुन्यादाखल एक दुकान थाटलं होतं, आणि त्यात फळाला हात लावायला बंदी होती. प्रत्येक चिकू काचेच्या स्वतंत्र कप्प्यात बसलेला. गंधवाचक यंत्र मागच्या नळीतून दिवसभर कप्प्यातली हवा ओढायचं, फळाने सोडलेला इथिलीन वायू मोजायचं आणि काचेवर अक्षरं उमटवायचं : ‘पिकला’.

डॉ. मंदाकिनी उकिडवे यांची प्रमाणपत्रावर सही झाली, की सोमवारपासून शहरातल्या सगळ्या दुकानांत हीच पद्धत येणार होती. त्यांनी अजून पेन उचललं नव्हतं.

“मंदाताई, अडलंय कुठे?” प्रकल्पप्रमुख श्रीरंग धायगुडे वैतागला. “या यंत्राचं नाक फळ दाबून बघणाऱ्या तुमच्या अंगठ्यापेक्षा कितीतरी तिखट आहे.”

“नाकापाशीच अडलंय,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “मी रोज देवापुढे एक फळ ठेवते. वास घेतलेलं ठेवत नाही. सोमवारनंतर तसं फळ मला कुठे मिळेल?”

श्रीरंगला हसू आवरेना. “अहो, वास घेतल्याने फळातलं काय कमी होतं? जीवरसायनशास्त्रातल्या डॉक्टर ना तुम्ही! हे कारण समितीला सांगू?”

“सांग की.”

“सही नसेल तर उद्या खुर्चीही नसेल, ताई.”

“उभी राहीन. पण माझं फळ मी निवडीन.”

असं म्हणून त्यांनी पहिला कप्पा उघडला आणि चिकू दाबला. भोंगा कोकलू लागला. चिकूचा रंग कच्चेपणी जसा, तसाच पिकल्यावर. खरं काय ते अंगठ्यालाच कळतं. हा दगडासारखा होता. दुसरा तसाच. तिसराही. काचांवर मात्र ‘पिकला’.

“बाई, पुरे!” श्रीरंग ओरडला.

त्या दाबत राहिल्या. अगदी कोपऱ्यातला एक चिकू अंगठ्याखाली अलगद दबला. त्याच्या काचेवर लिहिलं होतं ‘कच्चा’.

“हा पिकलाय.”

“यंत्र नाही म्हणतंय!”

“मग यंत्राचा पिकलेला तू खा.”

श्रीरंगने ईर्ष्येने पहिला चिकू उचलून कचकन चावला. पांढऱ्या चिकाने त्याचे ओठ चिकटले, तोंड वाकडं झालं.

“पण वर प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत तर एकही चुकला नव्हता!”

“वर आपण दिवसातून एकदा वास घ्यायचो. इथे दिवसभर घेतोय...” मंदाताई बोलता बोलता थांबल्या. “श्रीरंग, इथिलीन म्हणजे नुसती पिकल्याची खूण नाही. तोच फळाला पिकवतो. फळ तो सोडतं आणि त्याच्याच सोबतीने पिकत जातं. आपण तो मोजायला म्हणून ओढून घेतला. यंत्राने बेरीज केली, एवढा निघाला म्हणजे पिकला असणार. फळाच्या वाट्याला उरलं काय?”

“मग हा कसा पिकला?”

त्यांनी कोपऱ्यातल्या कप्प्यामागे हात घातला. नळीच्या तोंडात चिकूचं एक वाळकं पान अडकलं होतं. वायू मोजला गेला नाही, म्हणून ‘कच्चा’. ओढला गेला नाही, म्हणून पिकलेला.

श्रीरंगने हात पुढे केला. “द्या तो. कापून तपासायला हवा.”

“पान तपास. सगळ्या नळ्या तपास. हा नाही मिळायचा.” त्यांनी श्रीरंगने चावलेला चिकू कोऱ्या प्रमाणपत्रावर, सहीच्याच जागी ठेवला. कागदावर चीक पसरला. “समितीला हे दाखव. विचारलंस ना, वास घेतल्याने काय कमी होतं?”

मऊ चिकू नाकापासून दूर, ओंजळीत धरून त्या कोकलणाऱ्या भोंग्याखालून शांतपणे बाहेर पडल्या.