ओदिलच्या स्वयंपाकघरातला बांगडा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पोरांनो. बंदरामागे खाणावळ चालवणाऱ्या ओदिलच्या घरी घडलेलं आहे हे, गेल्या सहा जानेवारीला. तिनेच मला सांगितलं.

संध्याकाळी सहाला ती बेकरीतून तीन राजांच्या सणाचा केक घेऊन आली. घरात दोघंच, ती आणि धाकटा भाऊ रेजिस. चुलीशेजारच्या भिंतीवर त्यांच्याकडचं पिढीजात चित्र: एक बांगडा, दोन अंडी, अर्धा पाव. पुढे जगभर गाजलेल्या एका चित्रकाराने मिसरूड फुटायच्या वयात, तिथेच जेवून, ते काढलं होतं. "हे इथेच राहू द्या," एवढंच मागून गेला. मोठमोठी गिऱ्हाइकं आली, ओदिलने कुणाला दाद दिली नाही. त्या आठवड्यात रेजिसने ते साफ करायला पॅरिसला नेलं होतं, आणि त्याच दुपारी परत टांगलं होतं.

"काय उजळलंय रे! गुणाचा माझा भाऊ."

"दीडशे वर्षांचा धूर निघाला, ताई."

साडेआठला केक कापला. तीन तुकडे. तिसरा दरवर्षी त्या चित्रकाराचा. कुठला कुणाला, हे घरातल्या शेंडेफळाने टेबलाखालून सांगायचं. पन्नाशीचा रेजिस कण्हत आत शिरला.

"पोट आत घे, टेबल हलतंय! हा कुणाचा?"

"ओदिलताईचा."

"हा?"

"माझा."

"आणि हा?"

"मला नको." आवाज कोवळा होता. "माझा बांगडा विकलात."

ओदिल हसली. मग थांबली. वाकून टेबलावरचा कपडा उचलला. रेजिसने दोन्ही हातांनी तोंड दाबलं होतं.

"मी नाही बोललो, ताई..."

"काय विकलंस?"

"भिंतीवरची... नक्कल आहे."

सख्ख्या भावाने केसाने गळा कापला होता.

"चित्र गेलं ते गेलं. पण मघाशी मी तुझं कौतुक करत होते... आणि तू ते ऐकून घेतलंस?"

तो बाहेर आला. पाठमोरा झाला.

पांढऱ्या शर्टावर, पाठीवर, पाच बोटं उमटलेली. निळसर हिरवा तैलरंग. टेबलाखाली तो एकटाच होता.

ओदिलने शर्ट उतरवून घेतला आणि त्याला घराबाहेर काढलं. शर्ट खुंटीला आहे. वर्ष होत आलं. परवा मी बोट लावून पाहिलं...

रंग अजून ओला आहे.