‘फानाली’ची टेप

डबा जागेवर होता. टेप तेवढी नव्हती.

लोरिस गार्दीनी हे तिसऱ्यांदा सांगत होता. इटलीतल्या फोर्ली गावातल्या लहानशा कचेरीत ओर्नेल्ला झावात्ता डोळे मिटून ऐकत होती. तीस वर्षं विमा कंपनीसाठी खोटे दावे पकडल्यावर तिने स्वतःची गुप्तहेर कचेरी थाटली होती. सगळे तिला ‘दोत्तोरेस्सा’, म्हणजे पदवीधर बाई, म्हणत, आणि पदवी अर्धवट सोडलेली ओर्नेल्ला कुणालाही दुरुस्त करत नसे. शेजारी नेव्हिओ मोन्ताल्ती बसला होता. तिच्या दिवंगत बहिणीचा नवरा, नगरपालिकेचा निवृत्त पोलीस. ओर्नेल्लाला गाडी चालवता येत नव्हती. नेव्हिओला येत होती. त्याच्या मते या धंद्यातला त्याचा वाटा त्याहून बराच मोठा होता.

“कुठली टेप?” ओर्नेल्लाने विचारलं.

“आमच्या तालमीची. एकाहत्तरच्या जानेवारीतली. रेकॉर्ड निघण्याआधीची. जगात तेवढी एकच आहे.”

‘फानाली’ म्हणजे मासेमारीच्या होड्यांवरचे दिवे. चेझेनातिकोच्या पाच पोरांनी हे नाव घेऊन बँड काढला होता. त्यांच्या एकाच रेकॉर्डवर अख्खा रोमान्या प्रांत नाचला होता, आणि त्या रेकॉर्डचा जीव होता ऑर्गन. लोरिस त्यात ड्रम वाजवायचा. आता त्याचं टायरचं दुकान होतं. गायक व्हान्नी वारला होता, दोघे परदेशी गेले होते. ऑर्गनवाला एर्मेस बाल्दाच्ची किनाऱ्यावर बार चालवत होता. आता पंचवीस वर्षांनी लंडनचा एक माणूस ती रेकॉर्ड पुन्हा काढणार होता आणि ईस्टरच्या सोमवारी गाव एर्मेसला त्याच्याच बारमध्ये पदक देणार होतं. तेव्हाच ही टेपही वाजवायची होती.

“मी नाचलोय त्यावर,” नेव्हिओ म्हणाला. “बुटांचे तळवे गेले होते माझे.”

“सगळ्यांचेच गेले होते,” लोरिस म्हणाला, पण त्याला हसू आलं नाही.

“ऑर्गन कुठला होता?” ओर्नेल्लाने विचारलं.

आता मात्र लोरिस खुलला. “अमेरिकन छावणीतून घेतलेला. कपाटाएवढं धूड! त्यांची वीज वेगळी, आपली वेगळी. आपल्या विजेवर त्याची चाकं हळू फिरायची. सगळे सूर तीन पट्ट्यांहून थोडे जास्तच खाली. एर्मेसला हे सांगणार कोण? पैसे तर देऊन बसलेला. मग गिटारच्या तारा ऑर्गनइतक्या खाली उतरवल्या. शेवयांसारख्या लोंबायच्या! ट्रम्पेटवाला तर पळूनच गेला. तो सूर त्याला कुठल्याच बटणात सापडेना.”

नेव्हिओ पोट धरून हसला.

“दुरुस्त कधी केला?”

“बहात्तरच्या हिवाळ्यात. एकाने येऊन वीज बदलणारं यंत्र बसवलं, तेव्हा कुठे सूर जागेवर आले.”

“आणि रेकॉर्ड?”

“एकाहत्तरचा मे. मिलान. ते धूड आम्ही पाच जिने चढवलं. एर्मेस अडून बसला होता, परक्या ऑर्गनला हात लावणार नाही म्हणून. अजून कंबर धरते माझी.”

ओर्नेल्लाने डोळे उघडले. “शनिवारचं सांग. टेप वाजवली तेव्हा कोण कोण होतं?”

“एर्मेसच्या बारमध्ये मी आणि ग्वाल्तिएरो. आमचा जुना मॅनेजर. त्याचा एक कान पार गेलाय. एर्मेस रंग आणायला चेझेनाला गेला होता. त्याची बायको दीना मधेच पिठाचे हात घेऊन बाहेर आली. म्हणाली, ‘तुझं यंत्र रेंगाळतंय का रे?’ म्हटलं, ‘अगं, आम्ही मधे बोलतोय ते ऐक, आवाज नीट आहेत ना?’ गेली आत. मग मी टेप डब्यात घालून काचेच्या कपाटात ठेवली. किल्ली गल्ल्याखालच्या खिळ्याला. या सोमवारी कपाट उघडलं, तर डबा रिकामा.”

“कपाटाला कुलूप होतं?”

“होतं. किल्लीही खिळ्यालाच.”

*

बारमध्ये शिरताच नेव्हिओ थबकला. ज्यूकबॉक्सवर ‘फानाली’ची रेकॉर्ड लागली होती आणि कोपऱ्यात एक बाई डोळे मिटून तिच्याबरोबर अकॉर्डियन वाजवत होती. ऑर्गनचा तो प्रसिद्ध तुकडा आला, तशी तिची बोटं त्याच्या जोडीनेच धावली. सूर सुराला असा चिकटला की कुठलं वाद्य कुठलं, ते कळेना.

तिने डोळे उघडले आणि भाता मिटला.

“थांबू नका, सिन्योरा!” नेव्हिओ म्हणाला.

“पुरे झालं. तव्यावरच्या पियादीना रोट्या करपतील माझ्या.” दीना हसली. ती कास्तेलफिदार्दोची. लग्नाआधी अकॉर्डियनच्या कारखान्यात आतल्या धातूच्या पट्ट्या सुरात लावायची. “हा तुकडा ऐकूनच लग्न केलं मी एर्मेसशी. आमच्या नाचगृहात वाजवला होता, त्र्याहत्तर साली. आई म्हणाली, ऑर्गनवाला काय कामाचा? म्हटलं, हा कामाचा आहे.”

“शनिवारी टेप ऐकलीत का?” ओर्नेल्लाने विचारलं.

“छे. मी आत होते. पंखा एवढा घरघरतो की शेजारी बाँब पडला तरी कळायचा नाही.”

ग्वाल्तिएरो फाब्रेत्ती पत्ते खेळत होता. अंगात सूट, पण कोपरं चकाकलेली. लंडनच्या माणसाकडे आपण टक्केवारी मागितल्याचं त्याने स्वतःहून सांगितलं. “मागू नको? बँड मी उभा केला.”

“आणि टेपचे किती मागितलेत?” नेव्हिओ म्हणाला.

“काय?”

“ऐकू आलं नाही? की ऐकायचं नाहीये?” नेव्हिओचा आवाज चढला. पस्तीस वर्षं तो याच आवाजात चुकीच्या जागी लावलेल्या गाड्यांवर ओरडला होता. “किल्ली कुठे असते ते माहीत. टेप काय मोलाची ते माहीत. मित्राच्या घरात चोरी करताना लाज नाही वाटली?”

पत्ते खेळणारे चौघेही थांबले. ग्वाल्तिएरोने हातातलं पान टेबलावर ठेवायचा प्रयत्न केला. ते खाली पडलं. उचलायला तो वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

ओर्नेल्लाने नेव्हिओला दंडाला धरून कपाटापाशी नेलं. “डबा बघ.”

डब्यावर निळ्या शाईत तारीख आणि पाच जणांची नावं होती.

“व्हान्नीचं अक्षर,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “विकायला नेणारा हा डबा मागे ठेवील? याच्याशिवाय ती टेप म्हणजे नुसती फीत. लंडनवाला तरी कशावरून विश्वास ठेवणार? ज्याने नेली, त्याला ती विकायची नव्हती. कुणाच्या लवकर लक्षात येऊ नये, एवढंच हवं होतं.”

नेव्हिओचे कान तापले. त्याने टेबलाकडे पाहिलं. ग्वाल्तिएरो निघून गेला होता. उरलेले तिघे त्याच्याकडे पाहत नव्हते, आणि ते पाहत नाहीत हे त्याला दिसावं अशा बेताने बसले होते.

बाहेर एर्मेस कपडे बदलायच्या खोल्यांना निळा रंग देत होता. मोठे, जड हात.

“राहू द्या, दोत्तोरेस्सा. गेली तर गेली.”

“लोरिसने आणण्याआधी तुम्हाला विचारलं होतं?”

“फोन केला होता. म्हटलं, आण.” कुंचला फळीवर थांबला. रंगाचा एक ओघळ खाली आला. “नको म्हटलं असतं, तर आणली नसती त्याने.”

*

दुसऱ्या दिवशी दुपारी बारचं दार आतून लावून घेतलं गेलं. आत सहाच जण होते. नेव्हिओ रात्रभर शब्द जुळवत होता. तो ग्वाल्तिएरोसमोर उभा राहिला.

“कालचं… माझी चूक झाली. माफ करा.”

ग्वाल्तिएरोने त्याला नीट पाहून घेतलं. “काल चारचौघांत बोललात. आज ते चारचौघे कुठे आहेत?”

नेव्हिओ मागच्या खुर्चीवर जाऊन बसला.

“लोरिस,” ओर्नेल्ला म्हणाली, “टेप कुठे आहे ते मला कळलंय. ती आज संध्याकाळपर्यंत डब्यात परत येईल. कुणी नेली हे न विचारता हा विषय इथेच संपवता येईल. चालेल?”

लोरिसने एर्मेसकडे पाहिलं. एर्मेस आपल्या बोटांवरचा निळा रंग खरवडत होता.

“बोला,” एर्मेस म्हणाला. “काय ते आज होऊन जाऊ द्या.”

ओर्नेल्लाने सुरुवात केली.

“डबा मागे राहिला, म्हणजे पैशासाठी चोरी नाही. मग कशासाठी? टेपमध्ये जे आहे ते कुणी ऐकू नये म्हणून. काय आहे तिच्यात? जानेवारी एकाहत्तरचा ऑर्गन. तीन पट्ट्यांहून जास्त खाली उतरलेला. तो बहात्तरच्या हिवाळ्यापर्यंत तसाच होता. मधे, मे महिन्यात, रेकॉर्ड झाली. तुम्ही तोच ऑर्गन वर चढवलात, कारण एर्मेस दुसऱ्याला हात लावणार नव्हता. मग रेकॉर्डही उतरलेली असायला हवी.”

“तशीच असेल,” नेव्हिओ बोलून गेला.

“काल तुझ्यासमोर तिच्याबरोबर अकॉर्डियन वाजत होता, नेव्हिओ. तुला गंमत वाटली. गिटारची तार सैल करता येते. अकॉर्डियनच्या पट्ट्या कारखान्यात जिथे लागल्या तिथेच राहतात, मधला सूर त्यातून निघत नाही. तो रेकॉर्डशी तंतोतंत जुळला, म्हणजे रेकॉर्ड शुद्ध सुरात आहे. मिलानमध्ये टेपचा वेग वाढवून सूर चढवला म्हणावं, तर व्हान्नीचा आवाज उंदरासारखा झाला असता. तो तर अगदी सरळ आहे.”



“म्हणजे रेकॉर्डवर आवाज व्हान्नीचा आहे. ऑर्गन तुमचा नाही. आणि त्या ऑर्गनला जुळवलेली गिटारही तुमची नाही.”

“ड्रमही माझे नाहीत,” लोरिस जमिनीकडे पाहत म्हणाला. “एकजण होता, सतत काहीतरी चघळत वाजवायचा.”

“तीन दिवस आमचं ऐकून घेतलं स्टुडिओवाल्यांनी,” एर्मेस म्हणाला. “चौथ्या दिवशी काचेपलीकडे बसायला सांगितलं. दोन तासांत उरकलं सगळं. मग आम्ही घरी येऊन आमचीच रेकॉर्ड लावून ती शिकलो. पंधरा दिवस मी ज्यूकबॉक्सपुढे बसून होतो.”

नेव्हिओला आपले झिजलेले बूट आठवले. आता तो कुणाकडे पाहू शकत नव्हता.

“हे बँडला माहीत होतं, ग्वाल्तिएरोला माहीत होतं,” ओर्नेल्ला पुढे म्हणाली. “त्यांच्यापैकी कुणालाही टेप नको असती, तर एक शब्द पुरला असता. आणू नकोस म्हटलं की लोरिसने ती आणली नसती. चोरी अशा कुणीतरी केली, ज्याला हे कधी सांगितलंच नव्हतं आणि ज्याला विचारताही येत नव्हतं. जिचा कान असा, की अर्ध्या मिनिटात यंत्र रेंगाळतंय का म्हणून विचारलं. मग लोरिसने सांगितलं की बोलण्याचे आवाज नीट आहेत. ऑर्गन बहात्तरला दुरुस्त झाला हे बायकोला माहीत असणारच; तेवढ्यात तिला सगळं कळलं. आणि मला मात्र ती म्हणाली की पंख्यामुळे काही ऐकूच आलं नाही.”

दीना उठली. अकॉर्डियनच्या पेटीचं झाकण उघडून तिने तळाच्या कापडाखालून टेपचं चाक काढलं आणि टेबलावर ठेवलं.

“जाळणार होते,” ती म्हणाली. “तीनदा चुलीपाशी नेली. पण तिच्यात हा वाजवत होता. हाच. याचा ठेका नेहमी जिथे चुकतो तिथेच चुकत होता.”

“दीना,” एर्मेस म्हणाला.

“येत्या सोमवारी लंडनचा माणूस येऊन ती टेप ऐकणार. त्याला काय कान नसतील? अख्ख्या गावासमोर तुझं काय झालं असतं?” तिचा आवाज फाटला. “तेवीस वर्षं शेजारी झोपतोस रे माझ्या. मी कारखान्यात सूर लावणारी बाई. मला सांगायला काय झालं होतं?”

“तू तो तुकडा ऐकून लग्न केलंस.”

“त्या रात्री नाचगृहात कोण वाजवत होतं? तूच ना?”

एर्मेसने मान हलवली. ती कशाची, हे त्याचं त्यालाही ठरवता आलं नाही. त्याने चेहरा दोन्ही हातांत घेतला, आणि निळा रंग कपाळाला लागला.

“लोरिस, तू ही टेप आणलीसच का?” नेव्हिओने विचारलं.

“एर्मेसला विचारूनच आणली,” लोरिस म्हणाला. “आमच्यापैकी कुणाच्या तोंडून निघत नव्हतं. वाटलं, टेपच सांगेल.”

एर्मेसने हात खाली घेतले.

“सोमवारी मी सांगणार. पदक घ्यायच्या आधी.” तो ग्वाल्तिएरोकडे वळला. “त्याचं नाव काय होतं?”

“कुणाचं?”

“मिलानमधल्या ऑर्गनवाल्याचं.”

ग्वाल्तिएरो आठवू लागला. “चष्मा होता त्याला. सारखा घड्याळ बघायचा, गाडी चुकेल म्हणून.”

“नाव.”

“हात मिळवला तेव्हा सांगितलं होतं त्याने.” ग्वाल्तिएरोचा चेहरा काल पान पडलं तेव्हासारखा झाला. “मी ऐकलं होतं. तेव्हा दोन्ही कान चांगले होते माझे. पण नंतर कधी… कुणी विचारलंच नाही.”

“तूही नाही, एर्मेस?” दीनाने विचारलं.

“मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.”

लोरिस पुटपुटला, “मग सोमवारी काय सांगशील? एका चष्मेवाल्याने वाजवलं?”

“हेच सांगेन. पंचवीस वर्षं त्याच्या वाजवण्यावर टाळ्या घेतल्या आणि त्याचं नाव विचारलं नाही.”

ओर्नेल्लाने कोट उचलला होता, तो पुन्हा खुर्चीवर ठेवला. ग्वाल्तिएरोने डोळे मिटले होते, ओठ हलत होते. एकेक अक्षर लावून पाहत असल्यासारखे. सगळे त्याच्याकडे पाहत बसले. कुणी त्याला घाई केली नाही.