पितळी पाटीवरची मोकळी जागा

"ओ पावणं! ते नाव सोडा. ते आमचं हाय!"

मी ओरडलेच. कोल्हापुरातल्या जवानांच्या स्मारकापाशी, ब्राँझच्या शिपायाच्या पायाशी एक उंचापुरा गडी पितळी पाटीवरची नावं चिंचेनं घासत बसला होता. आणि हात नेमका माझ्या आत्याच्या मालकांच्या नावावर! दरवर्षी आत्या कागलहून येऊन ते लख्ख करायची. यंदा गुडघा धरला, म्हणून मला धाडलेलं.

"नावाचा सातबारा हाय व्हय तुमच्याकडं?" तो हसला. काय हसला मेला!

"हाय! आन म्युनिसिपालटीचे असाल तर आधी शिपायाच्या डोक्यावरची कबुतरं हाकला."

"फौजेतला हाय. विजयसिंह, नेसरीचा. ते शेवटचं नाव माझ्या दोस्ताचं... सुट्टीला आलो की घासून जातो. आज संध्याकाळची गाडी हाय."

संध्याकाळची? एवढ्यात? माझं मलाच कळेना, मला काय त्याचं!

भुरभुर पाऊस सुरू झाला. दोघंही उठलो नाही. माझी चिंच संपली, तर त्यानं आपली अर्धी पुढं केली. बोटं लागली... मी हात चटकन मागं घेतला.

"नाव तरी सांगा की."

"संयोगिता. घासा गुमान."

तो शेवटच्या नावाखालची कोरी जागाही घासू लागला.

"तिथं कशाला? तिथं कुणाचं नाव न्हाय."

"तेवढंच काळं राहिलं तर वाईट दिसतंय."

जागा चकाकली. बरोबर एका नावापुरती. मी घासायची थांबले. आत्या बाविसाव्या वर्षी विधवा झाली. फौजीचं स्थळ आपल्या दारात नको, असं ती म्हणायची आणि मी तिच्या गळ्याची शपथ घेतली होती.

मी पिशवी उचलली, फाटकापर्यंत गेले. चप्पल घातली. काढली. परत घातली... आणि तशीच मागं पळत आले.

"ही जागा मोकळीच राहणार, म्हणा."

त्याचं हसू मावळलं. "तसा शब्द फौजीला देता येत न्हाय, संयोगिता."

"मग खोटं तरी बोला की!" माझे डोळे भरून आले.

"तुमच्याशी खोटं न्हाय बोलणार. पण पुढच्या वर्षी चिंच मी आणतो. तुम्ही नुसतं या."

"आन आत्या?"

"त्यांच्या पाया पडायला कागलला उतरीन. फोन नंबर तेवढा द्या."

दोनदा मी नंबर चुकीचा सांगितला, मुद्दामच. तिसऱ्यांदा मात्र खरा सांगितला.