आत्याचा निळा-जांभळा खडा

खालचं सराफाचं दुकान बंद होतं, म्हणून तो जिना चढून वर आला. वर खड्यांना पैलू पाडायचा लहानसा कारखाना होता. काका मागच्या खोलीत, पुतणी खिडकीपाशी चाकावर. ती कमी बोलायची आणि बोलली की बोचायची, म्हणून काका तिला 'चिमटा' म्हणत.

"जरा... ही अंगठी बघता?"

तिनं ओले हात पुसून खडा भिंगाखाली धरला. आत केसाएवढी चीर होती, ताजी.

"काय केलंत याला?"

"काही नाही. म्हणजे... धुतला."

"कशात?"

"दवाखान्यात दातांची हत्यारं धुवायचं अल्ट्रासॉनिक मशीन आहे, त्यात. म्हटलं, नीलम आहे, त्याला काय होतंय..."

"नीलम नाही, टांझानाइट आहे. त्याला ती थरथर सोसत नाही. दातांचे डॉक्टर तुम्ही?"

"हो."

"दातही असेच धुता?"

मागच्या खोलीतून काका खोकले. तो खोकला नव्हता, दाबलेलं हसू होतं.

अंगठी आत्याची होती. 'तुला आवडेल तिला दे' म्हणून तिनं भाच्याला दिलेली. एवढं ऐकल्यावर चिमट्यानं खडा अंगठीतून काढून पुडीत ठेवला. चीर काढायची तर खडा नव्यानं घासावा लागेल आणि घासताना फुटूही शकेल, एवढंच तिनं सांगितलं.

तो वरचेवर येऊ लागला. "कसा आहे?" असं विचारायचा, जणू पेशंट दाखल केलाय.

"हा बघा, इकडून निळा," एकदा तिनं खडा उजेडात धरला. "आता फिरवते... इकडून जांभळा. भट्टीत तापवण्याआधी तर तपकिरी असणार."

"मग खरा रंग कोणता?"

"सगळेच. वर कोणता ठेवू? निळा हवा तर जास्त घासावा लागेल, खडा लहान होईल."

"तुम्हाला कोणता आवडतो?"

"माझा प्रश्न कुठे येतो?"

"तरी—"

"निळा."

"मग निळाच."

तो खड्याकडे बघत नव्हता. तिला ते दिसलं, पण तिनं ते धरून ठेवलं नाही. ज्याची आवडती ठरलेली आहे, त्याच्या बघण्याला काय अर्थ?

खडा वाचला. लहान झाला, पण निळा झाला.

"आता बोटाचं माप आणा."

तो घुटमळला. "ती... हातानं काम करणारी आहे. दिवसभर पाणी, पावडर..."

"मग अंगठी नको. मऊ आहे हा, ओरखडे पडतील. आपटला तर चिरेल. लॉकेट करा." सल्ला प्रामाणिक होता. देताना तिनं त्याच्याकडे बघितलं नाही, इतकंच.

"मग लॉकेटच करा."

"साखळी केवढी? गळा बघितल्याशिवाय नाही सांगता येत. घेऊन या तिला."

गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला आरसा त्यानं उचलला आणि तिच्याकडे फिरवला. पेशंटला त्याचा दात दाखवावा तसा.

"आलीये ती," तो म्हणाला.

तिनं चाक बंद केलं. आरशात केसांवर पांढरी पावडर होती, कानापाशी एक शिंतोडा. तो तिनं पुसला नाही.

"काय गं, मिळालं का माप?" आतून काकांनी विचारलं.

"मिळालं," ती म्हणाली. मग आरशातूनच त्याच्याकडे बघत, "सोळा इंच पुरे. आणि एक... धुवायचा तो मी. तुम्ही हात लावायचा नाही."