हुलवळे बाईंचा शमनठसा

कऱ्हाडच्या वेदना-केंद्रात आता कोणी गोळ्या मागत नसे. कंबर, मान, गुडघे वर्षानुवर्षं धरलेली माणसं यायची, डोक्यावर एक हलकी टोपी चढवून थोडा वेळ बसायची आणि ताठ चालत घरी जायची. टोपीतून त्यांच्या मेंदूत उतरायचं ते औषध नव्हतं. ती अनसूया हुलवळे यांची कमाई होती.

बाई शाळेत खेळ शिकवायच्या. व्हॉलीबॉलच्या सरावात एकदा पाठीवर पडल्या. मुका मार बरा झाला, दुखणं मात्र राहिलं. तेव्हा डॉ. फिरोज तांबोळींनी त्यांना समजावलं होतं, "चोर कधीच पळून गेलाय बाई, पण तुमच्या मज्जातंतूंमधला कुत्रा अजून भुंकतोय."

"मग त्याला गप्प कसं करायचं?"

"ते तुमच्याच हातात आहे. थोडा व्यायाम, थोडी विश्रांती, स्वतःची काळजी."

खरं तर हा सल्ला डॉक्टर आपल्याकडे दुसरा काही उपाय नसला की द्यायचे. दहातले नऊ पेशंट तो दारातच विसरायचे. बाईंनी मात्र तो शब्दशः घेतला. घाबरट मुलीला सर्व्हिस शिकवावी तशी त्यांनी पाठ शिकवली: रोज थोडं, रडवेपर्यंत कधीच नाही. बरं वाटत असेल त्या दिवशी कंबरेनं तक्रार करायच्या आत थांबायचं, वाईट दिवशी निम्मं तरी करायचंच. काही वर्षांनी त्या पुन्हा मैदानावर शिट्टी घेऊन उभ्या राहिल्या.

"कळ जात नाही हो," त्या म्हणायच्या, "पण आता ती माझं ऐकते."

हे ऐकणं म्हणजे काय, ते डॉक्टरांना यंत्रावर दिसलं. पाठीतून कळ वर चढली की बाईंच्या मेंदूतून एक लहर खाली उतरायची आणि तिला शांत करायची. या लहरीच्या आकृतीला त्यांनी 'शमनठसा' नाव दिलं. तो ठसा टिपून दुसऱ्याच्या मेंदूत उमटवता आला आणि हजारो लोक रात्री सुखानं झोपू लागले. अडचण एवढीच होती, की मेंदू स्वतः न शिकलेलं फार काळ जपत नाही. काही महिन्यांत ठसा पुसट व्हायचा, आणि तोच जुना ठसा पुन्हा उमटत नसे. मग बाई केंद्रात येत, मुद्दाम बनवलेल्या कडक बाकावर बसत, कळ चढू देत आणि नवा ठसा देऊन जात. कधी कुरकुर नाही.

असंच एकदा त्या आल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आज बाकावर बसायच्या आधी थोडं बोलायचंय. नवीन उपचार आलाय. बिघडलेले तंतूच दुरुस्त होतात. तुमचं दुखणं कायमचं जाईल."

"कायमचं?"

"हो. पण ठसा कळेला उत्तर म्हणून उठतो. कळच नसेल, तर ठसाही नाही."

"दुसरं कोणीतरी तयार झालं असेल की इतक्या वर्षांत."

"कोणीही नाही. टोपी आल्यापासून व्यायाम कोणी आठवडाभरही करत नाही. कशाला करतील?"

बाईंनी दाराकडे पाहिलं. बाहेर माणसं ताटकळत होती. एक म्हातारे गृहस्थ भिंतीला धरून उभे होते.

"डॉक्टर म्हणून तुम्ही काय सांगाल?"

"करून घ्या," ते म्हणाले.

बाई हसल्या. "माझं दुखणं मला सांभाळता येतं. त्यांना येत नाही. राहू दे ते."

डॉक्टरांना गहिवरून आलं. इतकी वर्षं माणसं बरी करताना एवढ्या ताकदीचं माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं. हट्ट धरावा, समजूत घालावी, असं मनात येत होतं. पण त्या गहिवराच्याही आधी, बाईंनी नाही म्हणताच, आपल्या छातीतून एक सुस्कारा सुटला होता, हे त्यांच्या लक्षात आलं. सुटकेचा सुस्कारा.

त्यांनी बाईंचा हात धरला, त्यांना जपून बाकावर बसवलं आणि टोपी चढवली.

"दुखायला लागलं की सांगा," ते म्हणाले.