चपलेसकट आत!

कुरणवस्तीच्या शाळेत भोंगा वाजला आणि सातवीची सत्तावीस मुलं मैदानावरून वर्गाकडे धूम पळाली. इथवर सगळं झकास झालं. पण दाराशी पोचल्यावर काय झालं असेल? एकेक जण थांबला, वाकला, चप्पल काढली, आणि जोडीला जोडी लावून भिंतीलगत नीट ठेवली! मागचे पुढच्यांवर आदळले. नुसती झुंबड उडाली. आणि दाराची कडी लावायचं काम जिच्याकडे होतं, ती शाल्मली डुंबरे कडीवर हात ठेवून नुसतीच उभी राहिली.

दार लागायला हवं होतं तीस सेकंदांत. लागलं एक मिनिट चाळीस सेकंदांनी.

"बरं झालं, सरावच होता," तात्या म्हणाला. "खरा बिबट्या असता तर दोघातिघांची ओळख करून घेतली असती त्यानं."

तात्या म्हणजे शाळेच्या फाटकावरचा यंत्रमानव. आवाज म्हाताऱ्यासारखा घोगरा, म्हणून मुलांनी त्याचं नाव तात्या ठेवलं होतं. शाळेच्या तिन्ही बाजूंना ऊस, आणि उसात बिबटे. त्यांचा तरी काय दोष म्हणा! पिढ्यान्‌पिढ्या उसातच जन्मलेले. त्यांच्या लेखी तेच रान. म्हणून कुंपणावर उष्णतापारखे (अंगाच्या उबेवरून जनावर ओळखणारे यंत्राचे डोळे) बसवले होते. त्यांना बिबट्या दिसला की तात्या भोंगा वाजवणार, आणि मुलांनी जवळच्या वर्गात शिरून कडी लावायची.

मधल्या सुट्टीत शाल्मली फाटकापाशी आली. डोळे लाल झाले होते.

"तात्या, कडीचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्यायला सांगा सरांना. उद्या खरंच बिबट्या आला आणि मी अशीच उभी राहिले, तर माझ्यामुळे सगळ्या वर्गाला..."

"नियम येत नव्हते का तुला?"

"न येऊन कसं चालेल? भिंतीवरचा नियमांचा तक्ता मीच रंगवलाय! सगळं पाठ आहे. मग पाय का हलले नाहीत माझे?"

"आता कसं बोललीस!" तात्या खूश झाला. आरोग्यपेटीतून त्यानं मेंदूटोपी (मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते दाखवणारी टोपी) काढून तिच्या डोक्यावर चढवली. त्याच्या छातीवरच्या पडद्यावर शाल्मलीचा मेंदू दिसू लागला.

"म्हण नियम."

ती घडाघडा म्हणू लागली. पडद्यावर कपाळामागचा भाग निळा उजळला.

"हा अग्रमेंदू (विचार करणारा, ठरवणारा मेंदूचा पुढचा भाग). तुझे नियम या साहेबांच्या..."

आणि बोलता बोलता तात्यानं भोंगा असा काही वाजवला की शाल्मली टुणकन उडाली!

"अहो, जीव जायचा ना माझा!"

"रागाव नंतर. आधी पडदा बघ."

निळा प्रकाश विझत आला होता. मेंदूच्या आत खोलवर बदामाएवढा एक ठिपका लालभडक झाला होता.

"हा अमिग्डला (धोक्याची घंटा वाजवणारा भाग). हा पेटला की छाती धडधडते. पळा, लढा, नाहीतर जागच्या जागी गोठा, एवढंच त्याला ठाऊक. आणि तो फार ओरडायला लागला की विचार करणाऱ्या साहेबांचं काही चालत नाही. तू भित्री नाहीस, बाळ. भल्याभल्यांचं असंच होतं."

"मग चपला कशा काढल्या सगळ्यांनी? तेव्हा तर कुणीच विचार करत नव्हतं."

"म्हणूनच तर काढल्या! एक चप्पल काढ, पुन्हा घाल बघू."

तिनं चप्पल काढून घातली. या वेळी पडद्यावर मधोमध एक हिरवी गाठ चमकली.

"ही सवयीची गाठ (हजारदा केलेली कामं विचार न करता करून घेणारा भाग). बालवाडीपासून तुम्ही दाराशी चपला काढताय. भीतीत साहेब गप्प झाले तरी ही गाठ जागी असते. तिला जे येतं तेच ती करणार."

शाल्मलीनं पायातल्या चपलेकडे बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे नियम पाठ करून भागायचं नाही. ते या गाठीला शिकवायला हवेत."

"आणि ती कानांनी शिकत नाही. हातापायांनीच शिकते."

झालं! शाल्मलीनं वर्गशिक्षक औटी सरांना गाठलं. तिची मागणी एकच: रोज एकदा सराव, आणि तोही चपलेसकट.

"वर्गात चपला?" सर कडाडले. "समोर सरस्वतीची तसबीर आहे, दिसत नाही?"

"सर, आपण वाचलेलं तिलाही आवडेलच ना?"

सरांना हसू फुटलं. "जिभेला हाड नाही तुझ्या! करा सराव. मला मात्र त्यात ओढू नका. तीस वर्षं नोकरी झाली माझी. वेळ आली की मला कळतं काय करायचं ते."

पहिल्या दिवशी चपलेसकट उंबरा ओलांडताना मुलांनी चक्क जीभ चावली. चौघांनी तर सवयीनं काढल्याच; वाकलेल्यांना शाल्मलीनं बाही धरून आत ओढलं. तात्या मुद्दाम भलत्या वेळी भोंगा वाजवी, कधी प्रार्थनेत, कधी डबे उघडल्यावर. शाल्मलीनं कडी कितीदा लावली असेल, ते तीच जाणे. तीन आठवड्यांत दार चोवीस सेकंदांवर आलं.

मग एका मंगळवारी शेजारच्या मळ्यात ऊसतोड सुरू झाली. सकाळचे अकरा वाजले होते. मैदानावर कबड्डी रंगली होती आणि सर शिट्टी घेऊन उभे होते.

भोंगा वाजला. पाठोपाठ तात्याचा आवाज आला, "सराव नाही! खरा आहे! पूर्वेच्या कुंपणावरून आत!"

मुलं पळाली. कुणी थांबलं नाही, कुणी वाकलं नाही. चिखलाच्या चपला धपाधप वर्गात शिरल्या. शाल्मलीचा हात कडीवर होता. डोळे डोकी मोजत होते. चोवीस, पंचवीस, सव्वीस. ती धरून सत्तावीस. आता फक्त सर.

सर धावत उंबऱ्यापर्यंत आले आणि थांबले. खाली वाकले, आणि सँडलचा पट्टा सोडू लागले!

व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी, पिवळंधमक काहीतरी हललं.

"सर..." शाल्मलीच्या घशातून आवाजच फुटेना. पण दाराशी कुणी वाकलं की त्याला ओढून आत घ्यायचं, हे तिच्या हातांनी तीन आठवडे केलं होतं. तिनं सरांची बाही धरली आणि सगळा जीव एकवटून ओढली. सर धाडकन आत पडले. कडी लागली.

सगळे दारापासून लांब, भिंतीला टेकून बसले. कुणी हूं की चूं केलं नाही. बाहेर तात्या सगळे दिवे लखलखवत बिबट्याच्या वाटेत आडवा उभा राहिला. बिचारा बिबट्या स्वतःच इतका बावरला होता की समोरच्या सरपणाच्या खोलीत जाऊन दडला.

सर जमिनीवर बसले होते. एका पायातलं सँडल अर्धवट सुटलेलं.

"सगळं माहीत होतं गं मला," ते पुटपुटले.

"मलाही होतं, सर," शाल्मली हळूच म्हणाली. तिनं त्यांचा हात धरून ठेवला.

तासाभरानं वनखात्याच्या माणसांनी बिबट्याला झोपेचं इंजेक्शन दिलं आणि त्याच्या गळ्यात मागपट्टा (जनावर कुठे फिरतंय ते कळवणारं यंत्र) बांधला. सोडून दिल्यावर तो पुन्हा शाळेकडे वळला तर आता आधीच कळणार होतं. तात्यानं सातवीच्या सरावाची हकिगत आसपासच्या चाळीस शाळांमधल्या आपल्या भाऊबंदांना त्याच संध्याकाळी कळवली.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपता संपता भोंगा वाजला. मुलं आत शिरली. सर्वांत शेवटी औटी सर आले. उंबऱ्यापाशी त्यांचा पाय क्षणभर अडखळला. त्यांनी तसबिरीकडे बघून हात जोडले आणि सँडलसकट आत उडी घेतली.

शाल्मलीनं कडी लावली आणि सरांकडे वळून म्हणाली, "शाब्बास!"